मागे कोण बसतं

जानेवारी २०१९. रात्रीचे पावणेदोन वाजले असतील, बाहेर शून्याखाली चौदा, आणि आमच्या पोर्चवर कोणीतरी दार बडवत होतं. नुसतं ठोकणं नाही, दोन्ही तळहातांनी धाडधाड, आणि मध्येच मोठ्याने एका बाईचं नाव, जी आमच्या घरात राहत नाही. मुलगी तेव्हा चार वर्षांची, ती दचकून उठली आणि रडायलाच लागली. अण्णा करमाळ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते, ते कानटोपी चढवून जिन्यात येऊन उभे. मी पडदा बोटभर सरकवून बघितलं. विशी-बाविशीतला काळा पोरगा, अंगात नुसता टीशर्ट, एका पायात स्लिपर, दुसरा पाय बर्फात उघडा. मी फोन उचलला आणि ९११ लावला, इथे अमेरिकेत पोलीस असोत की ॲम्ब्युलन्स, सगळ्याला तोच नंबर.

पलीकडच्या बाईने विचारलं, त्याच्या हातात काही आहे का? मला नीट दिसत नव्हतं. मी म्हटलं, काहीतरी आहे.

ते काहीतरी म्हणजे त्याची दुसरी स्लिपर होती. पोलीस गेल्यावर पायरीवर पडलेली सापडली.

चार मिनिटांत दोन गाड्या आल्या. ओरडाआरडा झाला, त्याला खाली पाडलं, तोंड बर्फात, पाठीवर गुडघा, बेड्या. मग गाडीच्या मागच्या सीटवर ढकललं आणि दार लावलं. त्यानंतर गाडी तिथेच उभी होती बराच वेळ, अर्धा-पाऊण तास असेल, पुढे दोघं पोलीस लॅपटॉपवर काहीतरी भरत होते आणि मागे तो एकटा काचेवर डोकं आपटत होता. मी वरच्या खिडकीतून बघत होतो. मला सुटल्यासारखं वाटत होतं हे खरं आहे, ते मी लपवणार नाही.

सकाळी बर्फ काढायला बाहेर पडलो तर शेजारच्या बाई त्यांच्या दारात. साठीच्या, काळ्या, शाळेच्या कँटीनमधून रिटायर झालेल्या. बोलताना मी त्यांच्या नावाआधी मिस लावतो, इथे मोठ्या बायकांशी तसंच बोलतात, पण आमच्या घरात त्या पहिल्या वर्षापासून मावशीच. म्हणाल्या, रात्री तू बोलावलंस का? म्हटलं हो, पण त्याला काही झालं नाही हां. त्या फावडं टेकवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, काही झालं नाही म्हणजे नक्की काय झालं नाही?

मला उत्तर देता येईना. मेला नाही, एवढंच माझ्या मनात होतं आणि ते मला तोंडाने म्हणवत नव्हतं.

पोरगा तिसऱ्या गल्लीतला. ज्या बाईचं नाव घेत होता ती त्याची आजी, आमच्या आधी आमच्याच घरात भाड्याने राहायची, त्याला तिनेच वाढवलं, आणि ती वारली तेव्हापासून त्याचं बिनसलेलं. गोळ्या चुकल्या की तो जुन्या घरी यायचा. मावशींना माहीत होतं, कोपऱ्यावरच्या न्हाव्याला माहीत होतं, चर्चमधल्या अर्ध्या लोकांना माहीत होतं. मी त्याच गल्लीत पाच वर्षं राहत होतो आणि मला माहीत नव्हतं. मावशी रागावल्या नाहीत. पुढच्या वेळी आधी माझं दार वाजव, इतकंच म्हणाल्या आणि बर्फ काढायला लागल्या.

आम्ही पिट्सबर्ग शहरात नाही, त्याला लागून असलेल्या एका छोट्या बरोमध्ये, म्हणजे स्वतःची नगरपालिका असलेल्या गावात राहतो. ॲलेगेनी काउंटीत, म्हणजे आमच्या जिल्ह्यात, अशा १३० नगरपालिका आहेत आणि पोलीस खाती शंभराच्या आसपास, काही तर इतकी लहान की पोलीस तासावर पगार घेऊन दोन-तीन बरोमध्ये पाळ्या करतात. आदल्या वर्षीच, १९ जून २०१८ ला, अशाच एका बरोमध्ये, ईस्ट पिट्सबर्गला, अँटवन रोझ नावाच्या १७ वर्षांच्या मुलाला पोलिसाने पाठीमागून गोळ्या घातल्या होत्या. तो पळत होता, हातात काही नव्हतं. त्या पोलिसाने त्याच दिवशी काही तासांपूर्वी तिथली शपथ घेतलेली. मार्च २०१९ मध्ये तो निर्दोष सुटला. त्या रात्री मावशी मोर्चाला गेल्या, आणि मी घरी बसून टीव्हीवर बघत होतो, आणि डोक्यात फिरत होतं की मी फोनवर 'काहीतरी आहे' म्हटलं होतं. दोन शब्द. तेवढ्यावर काहीही होऊ शकलं असतं.

अण्णांना रोज सकाळी चालायची सवय. रिटायर्ड मास्तर माणूस, करमाळ्यात पाच वाजता उठून देवळापर्यंत जाऊन यायचे, इथेही निघायचे, कानटोपी, मफलर, हात मागे बांधून, एखादं घर आवडलं की थांबून बघायचे. इंग्रजी वाचता येतं पण बोलायची वेळ आली की गडबडतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात असेच एक गुजराती आजोबा, ५७ वर्षांचे, नातवाला सांभाळायला येऊन जेमतेम दोन आठवडे झालेले, मुलाच्या घराजवळ चालत होते. कोणी तरी पोलिसांना फोन केला की एक बारकासा काळा माणूस फिरतोय, गॅरेजांकडे बघतोय. पोलीस आले, आजोबा म्हणाले नो इंग्लिश, पोलिसाने त्यांना उचलून जमिनीवर आपटलं. मानेला इतकी इजा झाली की शरीर अर्धवट लुळं पडलं. खटला दोनदा उभा राहिला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, शेवटी जज्जने पोलिसाला सोडलं. तेव्हा आपल्या लोकांच्या ग्रुपवर केवढी हळहळ झाली होती, आणि बऱ्याच जणांचं म्हणणं काय, तर ते काळे नव्हते, भारतीय होते, चुकून झालं. काळे असते तर बरोबर होतं का, हे मीही तेव्हा कोणाला विचारलं नाही.

मी अण्णांच्या खिशात पत्त्याचा आणि माझ्या नंबरचा कार्ड घालून ठेवायचो. हे मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मी माझ्या पोरांना कार्ड नाही दिलं, वाक्यं पाठ करून घेतली. हात दिसतील असे ठेव, खिशाकडे नेऊ नकोस, नेण्याआधी सांग, सर म्हण, पळू नकोस. मोठा सात वर्षांचा होता तेव्हापासून.

फ्रीडम हाऊस या जुन्या ॲम्ब्युलन्स सेवेची गोष्ट मावशींनी मला त्याच वसंतात सांगितली, त्यांच्या किचनमध्ये. मी विचारलं होतं, आणि खरोखर मनापासून विचारलं होतं, की तुम्ही म्हणता पोलिसांना बोलवू नका, मग रात्री दोन वाजता बोलवायचं कोणाला, दुसरं कोण आहे? त्या म्हणाल्या, ॲम्ब्युलन्सही आधी नव्हती. मला कळेना हे काय उत्तर झालं.

मावशी हिल डिस्ट्रिक्टमधल्या. पिट्सबर्गच्या डाउनटाउनला लागून चढावर वसलेली ही काळ्या लोकांची वस्ती, दुकानं, जॅझचे क्लब, चर्चेस, सगळं गजबजलेलं. १९५६ पासून खालचा भाग पाडायला घेतला, ९५ एकर, आठ हजारांवर माणसं हलवली, आणि त्या जागेवर स्टेडियम आलं. मावशींचे आईवडील त्यात उठले आणि वरच्या बाजूला दोन खोल्यांत आले. त्या काळी पिट्सबर्गमध्ये कोणी रस्त्यात कोसळलं, कोणाला हार्ट अटॅक आला, बाळंतीण अडली, तर फोन जायचा पोलिसांना. कैदी नेतात ती पोलीस व्हॅन यायची. कॅनव्हासचं स्ट्रेचर, त्यावर माणूस, स्ट्रेचर मागे सरकवायचं, दार बंद, आणि दोघंही पोलीस पुढे बसून गाडी हाणायची. मागे पेशंटजवळ कोणी नाही. श्वास चालू आहे की थांबला हे हॉस्पिटलला पोचल्यावर कळायचं. त्यातून हिलवरून फोन गेला तर व्हॅन कधी येईल, येईल की नाही, आली तर माणसाला आजारी समजतील की दारू प्यायलेला, काही भरवसा नाही. म्हणून लोक काळ्या अंत्यविधीवाल्यांची गाडी बोलवायचे. जिवंत माणसाला हॉस्पिटलात न्यायला मयताची गाडी. मावशींच्या मामाला तशीच नेली होती.

नोव्हेंबर १९६६ मध्ये डेव्हिड लॉरेन्स, राज्याचे माजी गव्हर्नर आणि त्याआधी पिट्सबर्गचे मेयर, ज्यांच्या काळात हिल पाडायला सुरुवात झाली तेच, एका सभेत कोसळले. त्यांनाही पोलिसांच्याच गाडीतून नेलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत मेंदूला ऑक्सिजन कमी पडलेला, ते शुद्धीवर आलेच नाहीत, काही दिवसांनी गेले. डॉक्टर पीटर सफार तेव्हा पिट्सबर्गमध्ये होते. सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन माणूस वाचवणं, ते जगाला शिकवणाऱ्यांपैकी हा माणूस, आणि त्याच वर्षी त्याची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या अटॅकमध्ये गेलेली. हॉस्पिटलच्या बाहेर, रस्त्यावर, गाडीतच उपचार सुरू झाले पाहिजेत हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं, पण माणसं कुठली? ती हिलवरून मिळाली. फ्रीडम हाऊस नावाची संस्था तिथे १९६७ पासून काळ्या बेकार तरुणांसाठी काम करत होती, व्हॅनमधून भाजी विकत होती. फाल्क फंड या देणगी देणाऱ्या संस्थेचे फिल हॅलन यांनी दोघांना जोडलं. पहिल्या बॅचला पंचवीसेक जण, सगळे काळे, कित्येकांची हायस्कूलसुद्धा पूर्ण नाही, काही व्हिएतनामहून परतलेले, आणि त्यांना जे शिकवलं ते तोवर देशात क्वचितच कुठल्या ॲम्ब्युलन्सवाल्याला शिकवलं असेल. तीनशे तासांचा कोर्स, ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून, शवागारात उभं राहून. पहिल्याच वर्षी पाच हजारांवर कॉल घेतले. पुढे डॉक्टर नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या प्रमुख झाल्या, आणि त्यांनी या पोरांसोबत काम करता करता जो अभ्यासक्रम लिहिला तो पुढे देशभरच्या पॅरामेडिकसाठी वापरला गेला. म्हणजे आज अमेरिकेत कुठेही ॲम्ब्युलन्स आली आणि आतला माणूस श्वासाची नळी घालतो, हेरॉइनवाल्याला तिथल्या तिथे नार्कन हे ओव्हरडोसवरचं औषध देतो, त्यामागे हिलवरची ती मुलं आहेत, ज्यांना त्या आधी कोणी नोकरीला ठेवायला तयार नव्हतं.

मावशी दहा वर्षांच्या असताना वडिलांना अटॅक आला. फ्रीडम हाऊसची गाडी आली, आणि त्यांना एकच गोष्ट लख्ख आठवते, गाडीतला एक जण मागे चढला आणि वडिलांचा हात धरून, नाव घेऊन बोलत राहिला. गल्लीतल्याच कोणाचा तरी भाऊ होता. मला सांगताना त्यांनी हात कसा धरला ते माझा हात धरून दाखवलं. मागे बसला होता, म्हणाल्या, तेवढं लक्षात ठेव.

१९७५ च्या ऑक्टोबरमध्ये शहराने फ्रीडम हाऊस बंद केलं. गोऱ्या वस्त्यांतून मागणी सुरू झाली होती की आम्हाला पोलिसांची व्हॅन येते आणि हिलला इतकी चांगली सेवा कशी, मग शहराने स्वतःची ॲम्ब्युलन्स सेवा काढली, आणि ती काढताना ज्यांनी ती कल्पना आठ वर्षं चालवून दाखवली त्यांना बाजूला सारलं. काहींना परीक्षांत अडकवलं, काहींना दुय्यम कामं दिली, एक एक करून बहुतेक जण गेले. जॉन मून टिकले, ते पुढे शहराच्या त्याच सेवेत असिस्टंट चीफपर्यंत पोचले. पण जी सेवा काळ्या मुलांनी उभी केली ती काही वर्षांत जवळपास पूर्ण गोरी झाली. हा भाग सांगताना मावशींचा आवाज चढतो, आणि का चढू नये.

तर मावशी आणि त्यांच्यासारखे हजारो लोक जे म्हणतात, की पोलिसांची कामं दुसऱ्यांकडे द्या, ते मला या गोष्टीवरून समजलं, घोषणांवरून नाही समजलं. पोलिसांकडे आज जी कामं आहेत ती देवाने वाटून दिलेली नाहीत. वेड लागलेला पोरगा, रस्त्यावर झोपलेला माणूस, नवराबायकोचं भांडण, शाळेत दंगा करणारं मूल, मागचा दिवा गेलेली गाडी, सगळ्याला एकच नंबर आणि एकच माणूस, कमरेला पिस्तूल असलेला. दुसरं कोणी उभंच केलं नाही म्हणून तो येतो. आणि काही ठिकाणी तर हे मुद्दाम. मायकल ब्राउन या काळ्या पोराला २०१४ मध्ये पोलिसाने गोळी घातली त्या मिसुरीतल्या फर्ग्युसनची केंद्र सरकारने चौकशी केली, रिपोर्ट मार्च २०१५ मध्ये आला. २१ हजार वस्तीचं गाव, ६७ टक्के काळे, आणि अटक झालेल्यांत ९३ टक्के काळे. गावाच्या बजेटचा मोठा भाग दंडाच्या पैशातून यायचा, त्यामुळे २०१३ या एका वर्षात कोर्टाने नऊ हजारांवर वॉरंट काढली, पार्किंग, वाढलेलं गवत, असल्या गोष्टींसाठी. तिथे पोलीस वसुलीला फिरत होते.

मी वादही घातले. तुम्हाला माहितेय ना किती गोळीबार होतात, असं मी त्यांच्याच किचनमध्ये बसून म्हटलं, आणि मग आठवलं की त्यांच्या भाच्याला पिट्सबर्गच्याच होमवुड वस्तीत गोळी लागून तो गेलाय. त्या म्हणाल्या, गोळीचं भय मला तू नको सांगू. २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला त्याच उन्हाळ्यात, गॅलप या जनमत चाचणीवाल्यांनी विचारलं होतं तेव्हा ८१ टक्के काळे लोक म्हणाले होते की पोलीस आमच्या भागात आहे तितका वेळ तरी असावेत किंवा जास्त असावेत. हा आकडा लोक मावशींसारख्यांच्या तोंडावर फेकतात. त्यांचं उत्तर असं की तहानलेल्याला विचारलं, हे गढूळ पाणी हवंय की काहीच नको, तर तो काय म्हणेल. मला हे उत्तर पूर्ण पटत नाही, त्या ८१ टक्क्यांत मावशींच्या चर्चमधले कित्येक आहेत आणि त्यांना चांगलं ठाऊक आहे ते काय मागतायत. पण प्रश्न बदलून विचारलाच जात नाही, हे मात्र खरं. डेन्व्हरने जून २०२० पासून काही कॉलवर पोलिसांऐवजी पॅरामेडिक आणि मानसिक आरोग्याचे जाणकार व्हॅनमधून पाठवले, पहिल्या सहा महिन्यांत ७४८ कॉल, एकही अटक नाही. आणि ओरेगनमधल्या युजीन शहरात १९८९ पासून असंच काम करणारी सेवा २०२५ मध्ये पैशाअभावी शहरातून बंद पडली. फ्रीडम हाऊसचंच पुन्हा झालं.

अण्णा होते तेव्हा मावशींकडून ऐकलेलं मी त्यांना मराठीत सांगायचो, संध्याकाळी चहाला. ते ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, आपल्याकडे चोरी झाली की फौजदार आधी पारध्यांच्या पालावर जायचा. कोणी केली ते नंतर बघू, आधी दोन पोरं उचलून आणू. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून काढला, पण अण्णांच्या शाळेतली पारध्यांची मुलं हजेरीला जातीचं नाव घेतलं की खाली बघायची. त्यांनी १९७२ नंतर दलित पँथरची पत्रकं बघितली होती, नाव अमेरिकेतून आलंय हे माहीत होतं, पण तिथले पँथर काय करत होते ते माहीत नव्हतं. ऑकलंडला १९६६ मध्ये ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी पक्ष काढला तेव्हा पहिलं काम हेच, पोलिसांच्या गाडीमागे जायचं, थांबवलेल्या माणसापासून अंतर ठेवून उभं राहायचं, कायद्याचं पुस्तक हातात आणि बंदूक खांद्याला, तेव्हा ते कायदेशीर होतं. बंदुकांचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. पण त्यांनीच १९६९ पासून मुलांना सकाळचा नाश्ता द्यायला सुरुवात केली, सिकल सेल या रक्ताच्या आजाराची तपासणी केली, म्हाताऱ्यांना बँकेत सोबत दिली. अण्णा म्हणाले, म्हणजे संरक्षणच की. मी मावशींना हे भाषांतर करून सांगितलं तर त्या उठून अण्णांना मिठी मारायला गेल्या आणि अण्णा इतके लाजले की चहा सांडला.

१३ ऑक्टोबर २०२१. पिट्सबर्गच्या ब्लूमफिल्डमध्ये जिम रॉजर्स नावाचा ५४ वर्षांचा काळा माणूस, राहायला घर नाही, एका घराबाहेर ठेवलेल्या जुन्या सायकलीवरून कोणीतरी ९११ ला फोन केला. पोलीस आले, त्याला परत परत टेझरचे शॉक दिले. तो डॉक्टर मागत होता. ॲम्ब्युलन्समध्ये न घालता त्याला पोलिसांच्या गाडीत मागे टाकलं आणि गाडी शहरातून हॉस्पिटलकडे निघाली, पोचेपर्यंत तो बेशुद्ध. दुसऱ्या दिवशी गेला. कारण, मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही. २०२३ मध्ये शहराने कुटुंबाला ८० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं.

बातमी मी ऑफिसमध्ये वाचली आणि उठून बाथरूममध्ये जाऊन उभा राहिलो. पुढे पोलीस, मागे एकटा माणूस, ऑक्सिजन नाही. फ्रीडम हाऊस बंद पडून ४६ वर्षं झाली होती, आणि त्याच शहरात तीच गाडी. सायकल बघून फोन करणाऱ्याचा मी खूप विचार केला. वाईट माणूस असेल असं मला वाटत नाही. त्याच्याही हातात फोन होता आणि एकच नंबर पाठ होता.

त्याच वर्षी मे महिन्यात पिट्सबर्गच्या मतदारांनी पोलिसांनी दार न ठोठावता घरात घुसण्यावर बंदी घातली. मावशींनी त्यासाठी शहरातल्या आपल्या सगळ्या नातेवाइकांना फोन करून मतदानाला काढलं होतं. मी त्यांच्या चर्चच्या बेसमेंटमध्ये जायला लागलो, दुसऱ्या आणि चौथ्या मंगळवारी. तिथे काही थोर चालत नाही. नार्कन नाकात कसं मारायचं, कोणी आरडाओरडा करत असेल तर किती लांब उभं राहायचं, हात कुठे ठेवायचे, नाव माहीत असेल तर नाव घ्यायचं. पायऱ्या चढायला त्रास होणाऱ्या आज्यांची यादी. कोणाकडे गाडी आहे, कोण रात्री उठू शकतं. बंदूक घेऊन कोणी दारात आला तर काय, यावर त्या बेसमेंटमध्ये एकमत नाही, भांडणं होतात, एकदा एक जण उठून निघून गेला आणि परत आला नाही. मला त्याचंही बरोबर वाटलं होतं.

गेल्या डिसेंबरात रात्री दीडला परत दार वाजलं. तोच पोरगा, आता दाढी राखलेला, या वेळी जाकीट होतं पण अंगावर उलटं घातलेलं. मी खिडकी उघडून त्याचं नाव घेतलं आणि म्हटलं, मी खाली येतो, थांब. आधी मावशींना फोन केला. हात थरथरत होते, भीती गेलेली नाही, ती जात नाही. बायकोने आतून कडी लावून घेतली, मीच सांगितलं होतं. पोर्चवर तो आजीला विचारत होता. मी म्हटलं, ती नाही रे इथे आता. म्हणाला, माहितेय, आणि खाली बसला. त्याने सांगितलं की त्याला आवाज येतायत आणि हॉस्पिटलला जायचंय, पण पोलिसांच्या गाडीतून नाही.

मावशी झग्यावर कोट घालून आल्या, गाडी त्यांनी काढली. माझ्याकडे बघून मागच्या सीटकडे मान केली. मी मागे त्याच्याशेजारी बसलो. रस्ता वीस मिनिटांचा, बर्फामुळे पस्तीस लागली. तो मध्येच काच खाली करायचा, परत वर करायचा, मी काही बोललो नाही. बोगद्यात शिरताना त्याने माझी बाही धरली. हॉस्पिटलात पाच तास बसलो, त्याने मशीनमधली चिप्सची पाकिटं दोन खाल्ली आणि तिसरं मला दिलं.